स्पीकर फाटलाय का?

द्राक्षाचा हंगाम भरात आला की पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात. बायका कात्रीने घडातले बारके, डागी मणी काढत असतात, वजन करून ५०० ग्रॅमची पनेट भरत असतात, आणि कोपऱ्यात एखादा स्पीकर गात असतो. बहुतेक वेळा प्रल्हाद शिंदे, नाहीतर ‘सैराट’. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री पुण्याहून सुट्टीवर आलेल्या माझ्या पुतण्याने त्या स्पीकरवर आपल्या मोबाईलमधलं गाणं लावलं. गिटारचा पहिला फटका शेडच्या पत्र्यावर आदळला आणि माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, वजनकाट्यावरून उठून आले.

“काय रे, स्पीकर फाटलाय का?”

“नाही नाना, गाणंच तसं आहे.”

“मग गाणं फाटलंय. बंद कर.”

नाना भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवतात. सप्ताहात त्यांच्या हाताला विश्रांती नसते. त्यांचा कान कच्चा नाही आणि मोठ्या आवाजाचीही त्यांना भीती नाही. ओझरच्या एचएएलमधून सुखोई उडालं की आमच्या अख्ख्या शिवाराचं बोलणं थांबतं, तेव्हा नाना मानही वर करत नाहीत. त्यांना खुपली ती खरखर. रॉक संगीत न आवडणाऱ्या शंभरातल्या नव्वद माणसांची तक्रार हीच असते, म्हणून या प्रकरणात मी त्या खरखरीपासूनच सुरुवात करतो.

नानांचा प्रश्न इतिहासाला धरून होता. १९६४ साली लंडनच्या ‘द किंक्स’ या बँडमधल्या डेव्ह डेव्हिस नावाच्या पोराने आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला. साध्या, गुळगुळीत गिटारचा त्याला कंटाळा आला होता. चिरलेल्या पडद्यातून जो गुरगुरता आवाज आला तो ‘यू रिअली गॉट मी’ या गाण्यात आहे. त्याच्या सहा वर्षं आधी अमेरिकेत लिंक रे याने ‘रंबल’ या धूनसाठी पेन्सिलीने स्पीकरला भोकं पाडली होती. रॉकमधला तो प्रसिद्ध आवाज अशा फाटलेल्या स्पीकरमधून घडत गेला. पुढे तोच आवाज देणाऱ्या छोट्या पेट्या बाजारात आल्या, पायाने दाबायच्या. स्पीकर फाडायची गरज उरली नाही.

आता त्या पेटीत काय होतं ते पाहू. तारेच्या कंपनाची लाट वर जाते, खाली येते. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा मोठी लाट दिली की तिचा माथा आणि तळ कापला जातो, गोल टेकडीचं पठार होतं. लाटेचा आकार असा चौकोनी झाला की मूळ स्वरासोबत वरचे स्वर जोराने उमटू लागतात, विशेषतः तिपटीचा आणि पाचपटीचा. षड्ज सेकंदाला १०० कंपनांचा धरला तर ३०० वर पंचम येतो आणि ५०० वर गंधार. म्हणजे वाजवला एक सा, आणि त्याच्या पोटातून प आणि ग वर आले.

संगीताची बैठक ऐकणाऱ्याला हे ओळखीचं वाटायला हवं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार घोडीच्या उतरत्या पाठीला किंचित घासत कंप पावते आणि नुसता टण् आवाज न येता एक झळाळती भणभण पसरते. तिला जवारी म्हणतात. जवारी उत्तम लागलेल्या तंबोऱ्यातून, कोणी छेडलेला नसताना, गंधार ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणारी शिकलगार घराणी मुळात शस्त्रांना धार लावणारी. पंढरपूरकडचे भोपळे आणून ते वाद्य करतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराचं सगळं कसब शेवटी घोडी घासण्यात असतं. एक कानस जास्त फिरली तर आवाज मेला. स्वरात मुद्दाम कणी आणण्याची ही कला आपल्याकडे पूर्वीपासून आहे. जवारी अंधुक, ठाय आहे आणि गिटारची खरखर आक्रमक आहे, हा फरक मोठा आहे, मी तो झाकत नाही. पण स्वर गुळगुळीत असला की श्रीमंत वाटत नाही, त्याला कणी लागते, ही समज दोन्हीकडे एकच.

यातली आणखी एक गोष्ट मला स्वतःला फार उशिरा कळली. रॉकचे गिटारवादक जोरकस भागात पूर्ण कॉर्ड वाजवतच नाहीत. गंधार गाळतात आणि फक्त सा आणि प धरतात. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. कारण निखळ ध्वनिशास्त्राचं आहे. सा १०० चा असेल तर प १५० चा. खरखरीच्या पेटीतून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा स्वरही जन्माला येतो, इथे तो ५०, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. न वाजवता खर्ज लागला! गिटारच्या दांडीवरचे पडदे मात्र सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. त्यात पंचम जवळजवळ शुद्ध मिळतो, पण गंधार १२५ च्या जागी १२६ च्या आसपास, जरासा चढा. तो सा सोबत पेटीत घातला की फरकाचे स्वर बेसूर पडतात आणि चिखल होतो. म्हणून गंधार बाहेर. उरतं काय? सा आणि प. तंबोऱ्याच्या तारा ज्या दोन स्वरांत लावतो तेच.

हे मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, “सा-प आहे ना, मग गातंय कोण त्याच्यावर?”

प्रश्न रास्त होता. पुतण्याने त्या रात्री लावलेलं गाणं धातूसारखं कडक, मेटल प्रकारातलं होतं. पाहुण्याला उंबऱ्यातच तिखट पाण्याचा पेला द्यावा तसं ते झालं. जो भजन, खयाल, नाट्यपद, लावणी किंवा जुनी हिंदी गाणी ऐकत आला आहे त्याला त्याच्या ओळखीच्या वाटेने आत न्यावं लागतं, आणि रॉकमध्ये अशा वाटा खूप आहेत.

नानांसाठी मी पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडपासून सुरुवात केली. ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ हे १९७५ चं गाणं. सुरुवातीला एक स्वर नुसता पसरून राहतो, तंबोरा सोडून ठेवल्यासारखा. त्या पसाऱ्यात काचेच्या पेल्यांच्या कडांवर बोट फिरवून काढलेले नादही मिसळलेले आहेत. मग डेव्हिड गिल्मोरची गिटार एकेक स्वर टाकते, थांबते, तार खेचून स्वर वर नेते. आपण ज्याला मींड म्हणतो ती हीच. शब्द यायला साडेआठ मिनिटांच्या वर वेळ लागतो. हिंदी गाण्यावर पोसलेला माणूस एवढ्यात कंटाळेल, पण विलंबित ऐकणारा कंटाळत नाही. नाना डोळे मिटून बसले आणि सहाव्या मिनिटाला म्हणाले, “घाई नाही याला.” त्यांच्या तोंडून ही पसंतीची पावती आहे.

मग त्याच बँडचं ‘मनी’, १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या संचातलं. हा संच अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत ७०० हून जास्त आठवडे होता. गाणं सुरू होतं ते नाण्यांच्या खणखणाटाने, कागद फाटण्याने आणि गल्ल्याच्या यंत्राच्या आवाजाने. बँडने हे सात आवाज फितीवर टिपले, फितीचे तुकडे मोजून कापले, जोडून त्याचं कडं केलं आणि ते फिरवत ठेवलं. ज्या गावात टोमॅटोच्या लिलावाची बोली आणि नोटा मोजण्याची फडफड हाच दिवसभराचा ठेका, तिथे हे आवाज कोणाला समजावून द्यावे लागत नाहीत. पॅकहाऊसमधल्या बायका हसल्या. नाना मात्र हसले नाहीत, ते बोटं मोजत होते.

“सात आहेत.”

“हो. रूपक.”

“रूपक कसा? रूपकाची पहिली मात्रा खाली असते. इथे सम भरीव पडतीये. तीव्रा म्हण.”

तीव्रा हा पखवाजाचा सात मात्रांचा ताल, त्यात खाली नसते. मी पंचवीस वर्षं हे गाणं ऐकतोय, मला हे सुचलं नव्हतं. पुढे गिटारचा एकल तुकडा येतो तिथे ताल बदलून चार मात्रांवर जातो. नानांनी तेही पहिल्याच फेरीत पकडलं आणि “आता सोडलं याने” म्हणाले. रॉकचे जन्मभराचे चाहते सुद्धा ही जागा पुष्कळदा न कळता ऐकतात.

खयाल ऐकणाऱ्यांना मी नेहमी लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ सुचवतो. १९७१ चं, आठ मिनिटांचं. आरंभी साधी गिटार आणि बासरीच्या जातीचं वाद्य. चार मिनिटं उलटून गेल्यावर ड्रम येतात, मग लय आणि जोर चढत जातो आणि शेवटी तार सप्तकात किंचाळणारा गळा. विलंबितातून द्रुतात जाण्याची ही सवय आपल्या कानाला आहे. वारकरी भजनात टाळ जसे शेवटी पेट घेतात तसंच. याच बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. आणि बीटल्सच्या १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ संचात ‘लव्ह यू टू’ या गाण्यावर तबला आहे तो अनिल भागवत यांचा. संचाच्या वेष्टणावर त्यांचं नाव छापलेलं आहे. ज्यांना गिटार आणि ड्रम दोन्ही नकोत त्यांच्यासाठी त्याच संचातलं ‘एलिनॉर रिग्बी’ आहे. त्यात आठ तंतुवाद्यांखेरीज वाद्यच नाही. सतार-सरोदाची जुगलबंदी आवडत असेल तर ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चा शेवट ऐकावा, दोन गिटार एकमेकींचा शब्द उचलत जातात.

नाट्यसंगीताच्या रसिकाला मात्र मी थेट पाचगणीला घेऊन जाईन. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात शिकला. तिथेच १९५८ च्या सुमारास ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवत असे. १९७५ चं त्याचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सहा मिनिटांचं आहे आणि त्यात धृपद परत येत नाही. आधी करुण गाणं, मग अचानक ऑपेरातला समूहस्वर, मग कडक रॉक, मग पुन्हा शांत. प्रवेश बदलत जातात. समूहात शंभर माणसं असावीत असं वाटतं, प्रत्यक्षात तीन गळे आहेत; त्यांचेच आवाज फितीवर पुन्हा पुन्हा चढवले आहेत. त्याच बँडचं ‘वी विल रॉक यू’ तर नाशिक ढोलवाल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. दोन ठोके, एक टाळी. त्या गाण्यात ड्रम वाजलेलाच नाही. लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो नाद तयार केला, आणि गिटार अगदी शेवटी येते.

मराठी रंगभूमीवर रॉक आला तो फार मानाने आला, आणि ही गोष्ट विसरली जाते याचं मला वाईट वाटतं. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचा मुलगा नंदू भेंडे हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा रॉक गायक. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडास केला. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेल यांनी थिएटर ॲकॅडमीतर्फे ते बसवलं, आणि नायकाच्या भूमिकेत नंदू भेंडे उभा राहिला. नाट्यपदाच्या वळणाच्या गायकीशेजारी पाश्चात्य ढंगाचा गळा, तोही मराठी शब्दांवर. ज्या प्रेक्षकांनी रॉकची एकही तबकडी विकत घेतली नसती त्यांनी तो तिकीट काढून ऐकला. पात्र गुंड होतं, म्हणून त्याचं गाणं तसं होतं. आवाजाला कारण होतं. नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले.

त्यानंतर मुंबईत रॉक इंग्रजीत रमला. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’चा मेळा, धोबी तलावाजवळचं रंगभवन, ‘रॉक मशीन’ हा बँड, जो १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला. त्यात उदय बेनेगल, महेश टिनाईकर अशी आपली नावं होती. वादक उत्तम होते, पण ते संगीत आमच्या निफाड तालुक्यापर्यंत पोचलं नाही, कारण ते कोणासाठी गायलं जात होतं हे इथल्या माणसाला कळण्याची सोय नव्हती.

पोचला तो दिल्लीचा ‘इंडियन ओशन’. ‘मा रेवा’ हे त्यांचं गाणं नर्मदेकाठच्या लोकसंगीतातून आलेलं. बासगिटार वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करून आलेला, आणि ती नदी आपल्या नंदुरबारच्या कडेने वाहते. या गाण्यात तबला आणि ड्रम शेजारी बसतात, गिटार खरखरत नाही. माझ्या अनुभवात खेड्यातल्या दहा श्रोत्यांपैकी नऊ जण हे गाणं पहिल्याच वेळी शेवटपर्यंत ऐकतात.

अलीकडे मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या तरुणांनी संतांचे अभंग गिटार, बास, ड्रम आणि तबल्यासोबत गायला घेतले. यावर भजनी मंडळांत दोन तट आहेत. माझं मत सांगतो. अभंगात शब्द पुढे चालतो, वाद्य मागे. पखवाजी कितीही तयारीचा असला तरी ओळ चालू असताना ठेका साधा ठेवतो आणि ओळ संपली की हात सोडतो. ड्रमवाल्याने हा शिष्टाचार पाळला तर अभंगाला काही होत नाही, उलट बासगिटारचा खर्ज त्याला चांगला पेलून धरतो. झांजांचा पत्रा शब्दांवर सांडला की मात्र तुकोबाही ऐकू येत नाहीत आणि रॉकही. अशा पद्धतीचे अनेक प्रयोग इथेच फसलेले मी ऐकले आहेत.

शंकर महादेवन हे या साऱ्याचं चालतं-बोलतं उदाहरण. शंकर-एहसान-लॉय या त्रयीने २००८ मध्ये ‘रॉक ऑन’ या हिंदी चित्रपटाला संगीत दिलं आणि २०१५ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ या मराठी चित्रपटाला. ‘कट्यार’मध्ये महादेवन स्वतः पंडितजींच्या भूमिकेत आहेत. ज्या घरात ‘कट्यार’ची गाणी सकाळी लागतात त्या घराने त्याच तीन माणसांचं ‘रॉक ऑन’ एकदा तरी ऐकावं.

ऐकताना तीन गोष्टी सांभाळा. आवाज अर्ध्यावर ठेवा. फाटलेला स्वर मोठ्याने लावला की कान आधी मिटतो. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर खर्ज येतच नाही आणि नुसती खरखर उरते, म्हणून हेडफोन किंवा बरा स्पीकर घ्या. आणि पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नका, ताल मोजा. इंग्रजी न येणाऱ्या माणसाचं इथे काही अडत नाही.

नानांना मेटल अजूनही सहन होत नाही. पुतण्याने आणखी दोनदा प्रयत्न केला, दोनदा स्पीकर बंद झाला. पण यंदा फेब्रुवारीत, पनेट भरून गाडी रवाना झाल्यावर, नाना खुर्चीत टेकले आणि त्याला म्हणाले, “ते तीव्र्यातलं लाव रे, पैशाचं.”